एका सवलतीचे दोन वाटे

चांगुमायला कुजबुजता येत नसे. म्हणजे ती कुजबुजायची, अगदी पदर तोंडाला लावून, कानाशी येऊन. फक्त ते पलीकडच्या आळीत ऐकू जायचं. उभा जन्म जेटीवरून बोटीच्या इंजिनावर आवाज चढवण्यात गेलेला, त्याला ती तरी काय करणार? "कुनाला सांगू नको हां, मास्तरीनबाय," अशी सुरुवात झाली की समोरच्या ओटीवर भांडी घासणारी बाई हात थांबवायची आणि सोयीस्कर अंतरावर येऊन बसायची.

ती नाखवीण होती, म्हणजे बोटीची मालकीण. नवरा गेला तेव्हा कोळीवाड्याला वाटलं, आता बाई बोट विकणार. बाईने विकली नाही. स्वतः ती समुद्रावर कधी गेली नाही, पण बोट कुठे जाणार, किती दिवस राहणार, बर्फ किती भरायचा, हे सगळं ती ओटीवरून ठरवायची. बसायला मासळीचा उपडा क्रेट. पाहुण्यांसाठी एक प्लास्टिकची खुर्ची होती, पण तिच्यावर बसलेला माणूस क्रेटवरच्या चांगुमायपेक्षा कसा कोण जाणे बुटकाच दिसायचा.

मी मुरूडच्या अलीकडच्या या गावात शाळेवर आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पुढे एकेक विसरत गेले, त्याला लोक अनुभव म्हणतात. पहिल्याच आठवड्यात कडक स्टार्चची साडी नेसून मी बंदरावर मासळी घ्यायला गेले. चांगुमाय तेव्हा भर चाळिशीत, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, पुढ्यात बोंबलांचा ढीग. मी विचारलं, "ह्यांचा दर कसा? किंचित कमी करता येईल का?"

तिने शेजारणीकडे पाहिलं. "ही कोन गो? रेडिओवरची बाय आली काय?"

बंदरभर हशा पिकला. मग मला म्हणाली, "ऐक बाय. भाव उतरनार न्हाय. माज्या मासलीचा अपमान व्हतो. पन वरून एक घाल म्हन, घालतंय."

मी म्हटलं, "घाला." तिने वरून एक बोंबील घातला. मी इतकी खूश झाले की शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा आठवडाभर चालवला. इथल्या लोकांशी कसं बोलायचं याच्या चार युक्त्याही सहकाऱ्यांना सांगितल्या. नंतर कळलं की वरून एक ती सगळ्यांनाच घालते. मुख्याध्यापकांना दोन.

तर, अशी आमची ओळख. ती पुढे माझी शेजारीण झाली, कारण बंदराकडच्या आळीतच मला भाड्याची खोली मिळाली, नंतर तिथेच आम्ही घर बांधलं. माझी पोरं तिच्या अंगणात वाढली आणि तिच्या शिव्या माझ्या आधी शिकली.

चांगुमाय समजायची तर वाटा समजला पाहिजे. आमच्याकडे बोटीवर पगार नसतो, वाटा असतो. बोट परत आली, मासळी विकली गेली, डिझेल आणि बर्फाचा खर्च काढला की उरलेल्याचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, बोट हाकणाऱ्या तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. मासळी कोणाच्या हाताला लागली हे कोणी विचारत नाही. हा रिवाज सगळ्यांचाच. चांगुमायची स्वतःची त्यात एक भर होती: जो खलाशी आजारी म्हणून किनाऱ्यावर राहिला, त्याचाही वाटा पडायचा.

गजा नावाचा तिचा जुना खलाशी होता. एकदा जेटीवरच्या शेवाळावर घसरून त्याचा पाय मोडला. अख्खा हंगाम तो घरी. दर फेरीला चांगुमाय त्याचा वाटा काढायची आणि दर फेरीला तिचा मुलगा हरेश धुसफुसायचा.

"आये, त्यो घरान बसून टीवी बघतंय आन आमी वाटा देतंय?"

"टीवी बघतंय, कारन पाय मोरलाय. उंद्या तुजा मोरला तर तू काय बघनार? भिंत?"

मात्र हिला फार साधीभोळी, दयाळू समजू नका. त्याच गजाने एकदा सणाच्या दुसऱ्या दिवशी ढोसून पोट दुखल्याचं सांगितलं, तर ही त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, त्याचा वास घेतला आणि त्या फेरीचा त्याचा वाटा त्याच्या बायकोच्या हातात नेऊन ठेवला. गजाला दिला नाही. नवराबायकोत त्यावरून जे महाभारत झालं ते चांगुमायने क्रेट आपल्या अंगणाच्या टोकाला सरकवून निवांत ऐकलं.

हरेशची मुलगी सानिका आणि गजाची मुलगी दीपाली. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच्या माझ्या शेवटच्या वर्गातल्या. दोघी एका बाकावर बसायच्या, एकाच डब्यातलं खायच्या, आणि एकीला छडी बसली की दुसरी रडायची. दीपाली दोघींत जास्त तल्लख. सानिका कष्टाळू, पण तिचं लक्ष आरशाकडे जरा लवकर जायचं. दोघींनी इंजिनीअर व्हायचं ठरवलं होतं. पनवेलच्या पुढे एक खासगी विद्यापीठ आहे. तिथली फी ऐकून आमच्या आळीत लोक खाली बसायचे. पण त्यांची एक योजना होती: बारावीला ठरावीक टक्क्यांच्या वर मार्क पडले तर पाऊण फी माफ. दोघींनी त्या रेषेवर डोळा ठेवून दोन वर्षं मान मोडली.

निकाल लागला. सानिका रेषेच्या वर. दीपाली रेषेच्या खाली, अगदी चाटून. रसायनशास्त्राच्या पेपराला ती ताप अंगावर घेऊन बसली होती.

सानिकासाठी हरेशने पूर्ण फीची तयारी ठेवलेली होती. सवलत मिळाली म्हणून त्याच्या घरात आनंद. गजाची तयारी फार तर पाव फीची. सवलत नाही म्हणजे कॉलेज नाही, इतकं सरळ. दीपालीच्या मामाने तिच्यासाठी न्हावा शेव्याला एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरच्या नोंदी करायचं काम बघून ठेवलं होतं. पोरगी मुकाट्याने त्याला हो म्हणणार होती.

आणि चांगुमायने काय करावं? तिने पेढे वाटले. दोघींच्या नावाचे.

मी धावत गेले. "अगो चांगुमाय, दीपालीला सवलत नाही मिळालेली."

"पोरींना घावली ना? मंग दोघींना घावली. दोघी एका बोटीवर व्हत्या. सानिकाच्या हाताला लागली म्हंजे काय तिची एकटीची? त्यांना सांगायचं, दोन वाटे करा."

"कोणाला सांगायचं?"

"त्या कालेजवाल्यांना! निमी हिला, निमी तिला. त्यांच्या खिशातून जादा काय जातंय?"

माझं शिक्षण, माझी नोकरीतली सगळी वर्षं, माझा चष्मा, सगळं पणाला लावून मी तिला समजावलं की असं नसतं. ती म्हणाली, "तुना कुनी सांगतलं? तू ईचारलंस काय?" आता विचारलं नव्हतं, हे खरं. पण तोवर पेढे गजाच्या घरी पोचले होते. गजाच्या बायकोने देवापुढे ठेवले होते. आणि दीपालीने मामाला फोन करून कळवलं होतं की काम नको, दुसऱ्या कोणाला द्या. नाखवीणबाईंचा शब्द होता. आमच्या आळीत त्यावर बोटी सुटायच्या.

म्हणजे आता पोरीच्या हातात नोकरीही नव्हती आणि कॉलेजही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विद्यापीठात निघालो. हरेशचा मासळीचा टेम्पो, हरेश चालवायला, मधे मी, खिडकीशी चांगुमाय. मला का नेलं? तर इंग्रजी बोलायची वेळ आली तर. चांगुमायच्या मांडीवर पिशवीत सुके सोडे होते. सोडे म्हणजे सोललेली वाळवलेली कोळंबी. आमटीत घातले तर स्वर्ग, एसीच्या बंद खोलीत उघडले तर दुसरं टोक.

प्रवेशाच्या खोलीत एक तरुण मॅडम बसल्या होत्या. चुणचुणीत, गोड. चांगुमायने पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिची गाठ सोडली. माझ्या मागच्या रांगेतले पालक एकेक करत मागे सरकले. मी खिडकीबाहेरच्या कारंज्याकडे असं बघत राहिले, जणू ही पिशवी आणि ही बाई दोन्ही माझ्या ओळखीची नाहीत.

"आजी, हे आम्हाला घेता नाही येत," मॅडम म्हणाल्या.

"लाच न्हाय गो ही. कालवनात घाल. तू मासली खातंस?"

"खाते की."

"मंग तुना समजंल." आणि तिने सगळा वाटा समजावून सांगितला, बोटीच्या वाट्यापासून आजारी खलाशापर्यंत. "पोरीला ताप व्हता. आजारी मानसाचा वाटा कापत न्हाय. तर ही सवलत निमी-निमी कर."

"आजी, ट्रान्सफर नाही होत ती. ज्याचे मार्क्स, त्यालाच. सिस्टिमच तशी आहे."

"बरं. मंग फी नको उतरू. मी पन कुनाला भाव उतरत न्हाय. वरून एक पोर घाल."

मॅडमना हसू आवरेना. पण बाई हुशार निघाली. हसून तिने विषय टाळला नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "आजी, समजा आज मी हे केलं. उद्या कोणी पैसेवाला येईल आणि एखाद्या गरीब मुलीला म्हणेल, तुझी अर्धी सवलत माझ्या मुलाला लिहून दे, मी तुला पैसे देतो. मग काय करू? मार्क बाजारात विकायला बसतील."

चांगुमाय विचारात पडली. माझ्या आठवणीत हे फार वेळा घडलेलं नाही. मग म्हणाली, "बरोबर हाय तुजं. तुजी बोट, तुजा कायदा."

"पण एक सांगते," मॅडम म्हणाल्या. "ही सवलत दर वर्षी नव्याने ठरते. जिची ग्रेड घसरली तिची जाते. आणि जिला आता नाही मिळाली, तिने पहिल्या वर्षी चांगली ग्रेड आणली, तर दुसऱ्या वर्षापासून तिला मिळू शकते. पहिलं वर्ष काढा कसंतरी."

चांगुमाय उठली. सोड्यांच्या पिशवीला परत गाठ बसली. दारातून वळून म्हणाली, "लगीन झालंय काय तुजं?" मॅडम म्हणाल्या, नाही. "कर नको घाईन. बरी हायेस."

आम्ही परत निघालो. पेण गेलं, वडखळ गेलं. हरेशला बरं वाटत होतं, असं त्याच्या शीळ घालण्यावरून दिसत होतं. वाचलेल्या पाऊण फीतून बोटीला नवं इंजिन घ्यायचं त्याने मनात पक्कं केलं होतं. जुनं इंजिन खोकायचं, धूर ओकायचं, भर समुद्रात रुसून बसायचं.

पोयनाडला चांगुमाय म्हणाली, "हरेश, सानिकाची सगली फी द्यायची तुजी तयारी व्हती ना?"

"व्हती."

"मंग ती दे."

"आये, माफ झाली ना पाऊन!"

"झाली. त्यांच्या बोटीवर वाटे करत न्हाईत. माज्या बोटीवर करतात. सानिकाची पाव तू दे, उरली ती पाऊन दीपालीची भर. दीपालीची पाव गजा देल. तुज्या घरातून जेवरं जायचं व्हतं तेवरंच जाल. एक पैसा जास्त न्हाय."

हरेशने टेम्पो बाजूला घेतला. "आन इंजन?"

"चालंल अजून एक वरीस."

"म्हातारा झालाय त्यो! टाकायला झालाय!"

"मी पन म्हातारी झालंय. मना कुठं टाकतंस? हितंच उतरवतंस काय?"

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मधे मी. दोन्ही बाजूंनी माझ्या अंगावरून शब्द जात होते आणि माझ्या इंग्रजीची कोणालाही गरज नव्हती. हरेश सरळ माणूस, पण त्या दिवशी तो आईशी खरंच भांडला. म्हणाला, समुद्रावर मी जातो, तू जात नाहीस. भर वादळात इंजिन बंद पडलं तर काय होतं तुला माहीत आहे का? त्यावर चांगुमायचा आवाज प्रथमच खाली आला. ती म्हणाली, "ठाव हाय मना. म्हनून तू या वर्साला लांब जायाचा न्हाय. जवल जा, कमी आन. बोटीचा वाटा घटला तर तो माजा घटला."

म्हणजे पैशाची झळ तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती. त्या वर्षी तिच्या हातातल्या दोन पाटल्या दिसेनाशा झाल्या. मी विचारलं तर म्हणाली, "हात सुजतात गो." तिचे हात कधी सुजले नव्हते.

दोघी पोरी एकाच होस्टेलच्या एकाच खोलीत राहिल्या. वर्ष सरलं आणि निकालाने चांगुमायच्या घरावर बॉम्बच टाकला. दीपालीची ग्रेड चढली, तिला सवलत लागली. सानिकाची घसरली, तिची गेली. नवं शहर, नवे मित्रमैत्रिणी, नवा फोन. आणि तो आरसा.

हरेश लालबुंद होऊन ओटीवर आला. त्याच्या मागोमाग रडून डोळे सुजलेली सानिका. गजा आणि दीपालीही आले, कारण चांगुमायने निरोप धाडला होता. मी खुर्चीवर, बुटकी.

"बघ," हरेश म्हणाला. "माज्या पैशान ती शिकली, आन आता सवलत तिला! माज्या पोरीची फी सगली माज्या डोक्यावर. कुठं हाय तुजा वाटा? यापेक्षा सानिकाला घरान आनतंय आन इंजन घेतंय."

गजाकडे पाव फीच्या वर काही नव्हतंच.

चांगुमाय दीपालीला म्हणाली, "हिकरं ये बाय. औंदा मासली तुज्या जाल्यान आली. सानिकाचा वाटा काढ."

दीपाली घाबरली. "माय, पैसे..."

"पैशाचं कोन बोलतंय? पैसं ह्यो हरेश भरतंय, त्याची पोर हाय, भरंल न्हाय तर जातंय कुठं. तुज्याकरं जी मासली हाय तिचा वाटा दे. तुना समजतंय ते तिला समजव. रोज. ती झोपली तर उठव. उठली न्हाय तर पानी वत. आन ही पुन्हा घसरली तर मी हिला न्हाय, तुना ईचारनार."

मग सानिकाकडे वळली. "आन तू. ल्हान हायेस तिच्याहून काय? न्हाय ना? मंग ररायचं बंद कर. नाखवीची नात खलाशाच्या पोरीकरं शिकनार, यात लाज असंल तर आताच सांग. हरेश इंजन घेल."

सानिकाने नाक पुसलं आणि म्हणाली, "लाज न्हाय. पन पानी नको वतू देस."

गजा हसला, मग हरेशही हसला, न हसण्याची पराकाष्ठा करून.

दीपालीने पाणी ओतलं. बऱ्याचदा ओतलं, असं सानिका आजही सांगते. तिसऱ्या वर्षी सवलत दोघींना लागली. दोन्ही घरांना आता पाव-पावच भरायची होती, आणि पुढच्या हंगामाला बोटीवर नवं इंजिन बसलं. ते बघायला चांगुमाय जेटीवर आली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आवाजच न्हाय याला. चालू हाय का बंद, मानसाला कलायचं कसं?"

दोघी इंजिनीअर झाल्या. सानिका पुण्याला गेली. दीपाली न्हावा शेव्यालाच एका कंपनीत लागली. कंटेनर कुठे आहे, कुठे जाणार, हे ज्या प्रणालीवर दिसतं ती प्रणाली ती सांभाळते. पहिला पगार घेऊन दोघी ओटीवर आल्या आणि चांगुमायच्या पुढ्यात ठेवला. तिने हातही लावला नाही. म्हणाली, "रुक्सानाला बोलवा." रुक्साना म्हणजे आमच्या बर्फवाल्या सलीमभाईंची मुलगी. बारावीला तिचे मार्क रेषेच्या खाली राहिले होते, आणि सलीमभाई तिच्यासाठी स्थळं बघायला लागले होते.

सलीमभाईंना राजी करायला चांगुमायला किती दिवस लागले, कोणत्या शिव्या लागल्या, तो वेगळाच विषय आहे. रुक्साना आज दुसऱ्या वर्षाला आहे आणि सवलत तिने स्वतः मिळवलेली आहे. दीपाली आणि सानिकाला पहिल्या वर्षानंतर तिच्यासाठी काहीच भरावं लागलं नाही, याचा दोघींना जरा रागच आला.

चांगुमायला मी शेवटचं पाहिलं ते रुक्सानाच्या प्रवेशाच्या दिवशी. टेम्पोत पुढे चांगुमाय, रुक्साना आणि तिची आई. मीही नवी साडी नेसून, चष्मा पुसून तयार होऊन गेले होते. चांगुमायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कुठं?"

"म्हणजे काय? कॉलेजला."

"जागा न्हाय. आन तुजं काम काय तिथं? ही पोरगी फाडफाड इंग्लिस बोलतंय." तिने मागे हात केला. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते, ओळीने, तोंडात तोंड अडकवून. "ती काठी घे आन बस हितं. कावले येतंत."

तर मी, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, नव्या साडीत, काठी घेऊन बोंबलांच्या राखणीला बसले. टेम्पो सुरू झाला. चांगुमायने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. अंबाड्यातली अबोली हिंदकळत होती, आणि एक हात दारावर थापा मारत हरेशला घाई करत होता.

"मास्तरीनबाय! एकदोन नेले तर नेऊ दे हां! त्यांची पन पोरं हायेत!"

मग टेम्पो मशिदीच्या वळणावर गेला. त्याच दुपारी मुलाचा फोन आला आणि मी तशीच ठाण्याला गेले, सुनेचं बाळंतपण होतं. आणि परत येईपर्यंत चांगुमाय गेली होती, झोपेतच, कोणाला काही न सांगता.

कावळे एकदोनावर थांबले नव्हते. हे तिला सांगायचं राहूनच गेलं.